ओळीमागे अडीच सेकंद

एमआरआयच्या टेबलावर आडवा होणारा माणूस आजाराबद्दल नंतर विचारतो. आधी विचारतो, "किती वेळ लागेल?" मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसांतल्या पिना काढून ट्रेमध्ये ठेवता ठेवता बायका हे विचारायच्या, पुरुष तर दारातूनच. मुंबईत एमआरआय तंत्रज्ञ म्हणून मी १९९० च्या दशकात कामाला लागले, तेव्हा सांगायचे, "आजी, पाऊण तास धरून चाला." निवृत्तीच्या सुमारास त्याच तपासणीला मी पंधरा मिनिटं सांगत होते. चुंबक तेव्हाही १.५ टेस्लाचा होता, नंतरही तेवढाच. शरीरातल्या पाण्यातले हायड्रोजनचे अणुगर्भही त्याच सुमारे ६४ मेगाहर्ट्झला साद देत होते. यंत्राची विद्युतव्यवस्था सुधारली हे खरं, पण वाचलेल्या अर्ध्या तासातला मोठा वाटा गणिताचा आहे. शरीराकडून किती संदेश मागायचे आणि त्यांतून चित्र कसं उभं करायचं, याचं ते गणित.

या यंत्राचा इतिहास बहुतेक वेळा नोबेलच्या वादातून सांगितला जातो. मला तो मिनिटांच्या हिशेबाने सांगावासा वाटतो. ती मिनिटं आजारी माणसाला काढावी लागतात. कंबरेत कळा येत असताना, अरुंद बोगद्यात, कानाशी ठोके पडत असताना.

हिशेबाची सुरुवात पावणेपाच तासांपासून होते. ३ जुलै १९७७ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रेमंड दमाडियन यांचा विद्यार्थी लॅरी मिन्कॉफ त्यांनी हाताने बांधलेल्या यंत्रात बसला. त्याच्या छातीचा एक आडवा छेद मिळवायला तेवढा वेळ लागला. यंत्र एका वेळी शरीरातल्या एकाच ठिकाणचा संदेश ऐकू शकत होतं, म्हणून मिन्कॉफला थोडं थोडं सरकवत एकेक बिंदू गोळा केला गेला. सगळे मिळून १०६ बिंदू. माणसाच्या धडाचं असं चित्र मिळू शकतं हे त्या दिवशी सिद्ध झालं. पण बिंदू-बिंदूने जाणारी ही वाट रुग्णालयापर्यंत पोचणारी नव्हती.

दुसरी वाट त्याआधीच सापडली होती. दमाडियन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं होतं, की उंदरांच्या गाठींमधल्या पेशी आणि निरोगी पेशी चुंबकीय अनुनादात वेगवेगळ्या वेळाने शांत होतात. त्यासाठी ऊती कापून नळीत घालावी लागे. त्याच वर्षी पिट्सबर्गजवळच्या न्यू केन्सिंग्टनमध्ये तसेच प्रयोग पाहताना रसायनशास्त्रज्ञ पॉल लाउटरबर यांच्या मनात आलं, की हे न कापता कळलं पाहिजे. तोवर प्रत्येक प्रयोगशाळा चुंबकक्षेत्र अगदी एकसारखं ठेवण्यासाठी जिवाचं रान करत असे. लाउटरबर यांनी ते मुद्दाम असमान करायचं ठरवलं. क्षेत्र एका बाजूला थोडं जास्त आणि दुसऱ्या बाजूला थोडं कमी केलं, तर जागेप्रमाणे अणुगर्भांची वारंवारता बदलते, आणि वारंवारतेवरून जागा ओळखता येते. २ सप्टेंबर १९७१ रोजी त्यांनी हे वहीत लिहून त्यावर साक्षीदाराची सही घेतली.

त्यांचा लेख 'नेचर'ने आधी परत पाठवला आणि मग मार्च १९७३ मध्ये छापला. त्यात जड पाण्याच्या एका नळीत साध्या पाण्याच्या दोन बारीक केशनळ्या आहेत, आणि चित्रात दिसतात ते त्या नळ्यांचे दोन डाग. जड पाणी आणि साधं पाणी बाहेरून वेगळं ओळखून दाखवणारं हे चित्र होतं. चित्र करण्याची रीत होती प्रक्षेपणांची: असमान क्षेत्राची दिशा ४५ अंशांनी फिरवत चार बाजूंनी सावल्या घ्यायच्या आणि त्यांवरून आतली आकृती गणिताने मांडायची. सावल्यांवरून वस्तू मांडण्याचं हे गणित त्या काळात अनेक ठिकाणी नव्याने घडत होतं. आपल्याकडचे जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ मध्येच त्याची एक सोपी, झटपट रीत प्रसिद्ध केली होती. सीटी स्कॅनच्या अभियांत्रिकीत ती आजही 'राम-लॅक' या नावाने शिकवली जाते. आमच्या अभ्यासक्रमात ते नाव यायचं, पण त्यामागे दोन भारतीय माणसं आहेत हे कोणी सांगत नसे. मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलाला ते आवर्जून सांगितलं.

प्रक्षेपणांच्या रीतीत एक अडचण होती. क्षेत्र जराही बिघडलेलं असलं, तर सगळ्या सावल्या एका ठिकाणी जुळत नाहीत आणि चित्र फासलं जातं. यावरचा उतारा झ्यूरिकमध्ये निघाला. १९७५ मध्ये अनिल कुमार, डीटर वेल्टी आणि रिचर्ड अर्न्स्ट यांनी सुचवलं, की दिशा फिरवायची गरजच नाही. एका दिशेची माहिती वारंवारतेतून घ्यायची. दुसऱ्या दिशेची घेण्यासाठी संदेश वाचण्याआधी त्या दिशेने असमान क्षेत्र थोडा वेळ लावायचं, पुढच्या खेपेला आणखी थोडा वेळ, असं करत जायचं. मग फूरिये रूपांतराने सगळं एकदम चित्रात उलगडतं. या लेखातलं पहिलं नाव ज्यांचं आहे ते अनिल कुमार पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. आज कुठल्याही गावातल्या एमआरआय केंद्रावर जे चित्र निघतं, त्याच्या मुळाशी हा लेख आहे.

पण कागदावरची ही रीत माणसावर चालवली ती स्कॉटलंडच्या ॲबर्डीनने, आणि त्या गटाबद्दल मला विशेष आपुलकी आहे. तिथे जॉन मॅलार्ड वैद्यकीय भौतिकीचे प्राध्यापक होते. १९७४ मध्ये त्यांच्या गटाने एका मृत उंदराचं चित्र काढलं. पुढे त्यांनी अख्खा माणूस मावेल असं यंत्र बांधलं. त्याचा चुंबक होता फक्त ०.०४ टेस्लाचा, म्हणजे मी आयुष्यभर चालवलेल्या चुंबकाच्या चाळिसाव्या हिश्श्याहून जेमतेम जास्त. क्षेत्र पुरेसं एकसारखं नव्हतं, आणि माणूस श्वास घेणार, हलणार. सुरुवातीची चित्रं रेघोट्यांनी भरून गेली. जिम हचिसन, बिल एडलस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झ्यूरिकच्या रीतीत एकच बदल केला: असमान क्षेत्र लावण्याचा वेळ दर खेपेला तोच ठेवायचा, जोर तेवढा बदलायचा. वेळ तोच राहिल्यामुळे क्षेत्रातला बिघाड दर ओळीत सारखाच उमटतो आणि चित्र फाटत नाही. या रीतीला त्यांनी 'स्पिन-वॉर्प' म्हटलं.

ऑगस्ट १९८० मध्ये फ्रेझरबर्ग या मासेमारीच्या गावचा एक रुग्ण त्या यंत्रात झोपला. छातीतली गाठ, बिघडलेलं यकृत आणि हाडांत पसरलेला कर्करोग, तिन्ही दिसले. या तंत्राने निदान झालेला तो पहिला रुग्ण मानला जातो. एडलस्टीन पुढे अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये गेले, तिथे १.५ टेस्लाच्या यंत्राच्या कामात होते, आणि तीच रीत तिथेही रुजली. स्टॉकहोमच्या व्यासपीठावर ॲबर्डीनचं कोणी नव्हतं. २००३ चं नोबेल लाउटरबर आणि नॉटिंगहॅमचे पीटर मॅन्सफील्ड यांना मिळालं. दमाडियन यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन त्याचा निषेध केला, म्हणून त्यांचं नाव तरी लोकांना आठवतं. हचिसन यांचं नाव मी आमच्या क्षेत्रातल्या लोकांच्याही तोंडून क्वचितच ऐकलं आहे, आणि याचं मला वाईट वाटतं.

आता हिशेब मांडते, कारण पुढचा सगळा इतिहास याच आकड्यांचा आहे. स्पिन-वॉर्पमध्ये दर खेपेला माहितीची एक ओळ मिळते. चित्राला २५६ ओळी लागतात असं धरू. या ओळी म्हणजे चित्राच्या ओळी नव्हेत. त्या 'के-स्पेस' नावाच्या कोऱ्या तक्त्यात भरत जातात. तक्त्याच्या मध्यावरच्या ओळींत चित्राचा उजेड-अंधार असतो, कडेच्या ओळींत बारकावे. तक्ता भरला की रूपांतर करायचं. एक ओळ घेतल्यावर अणुगर्भ पुन्हा पूर्वस्थितीला येईपर्यंत थांबावं लागतं. मेंदूच्या 'टी-टू' प्रकारच्या चित्रासाठी अडीच सेकंद धरा. २५६ गुणिले अडीच म्हणजे ६४० सेकंद, दहा मिनिटांहून जास्त. हे झालं एका प्रकारच्या चित्राचं, आणि मेंदूच्या तपासणीत असे चार-पाच प्रकार लागतात. माझा पाऊण तास असा होत असे. नवव्या मिनिटाला कोणी खोकलं, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

नॉटिंगहॅमच्या पीटर मॅन्सफील्ड यांना हे थांबणंच मान्य नव्हतं. पंधराव्या वर्षी शाळा सोडून छापखान्यात लागलेला हा माणूस पुढे भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. १९७८ मध्ये आपल्याच पोटाचं चित्र काढून घ्यायला ते स्वतः यंत्रात उभे राहिले. त्याआधी, १९७७ मध्ये, त्यांनी मांडलं होतं, की एकदा अणुगर्भ उत्तेजित केले की त्यांचा आवाज विरायच्या आत सगळ्या ओळी वाचून घ्याव्यात. बैल तासाच्या टोकाला वळून शेजारच्या तासातून नांगर घेऊन परत येतो, तसा हा संदेश के-स्पेसमध्ये जातो आणि परत येतो. असमान क्षेत्राची दिशा इतक्या झपाट्याने उलटवणारी विद्युतयंत्रणाच तेव्हा नव्हती, म्हणून 'एको-प्लॅनर' नावाची ही रीत रुग्णालयात यायला दशकाहून जास्त काळ गेला. आज पक्षाघाताचा रुग्ण रात्री स्ट्रेचरवर येतो, तेव्हा मेंदूचा कुठला भाग उपाशी पडला आहे हे एखाद-दोन मिनिटांत कळतं. ते याच रीतीमुळे. कानठळ्या बसवणारा तो खडखडाटही तिचाच.

दरम्यान जर्मनीत दोन कामं झाली. ग्योटिंगेनमध्ये आक्सेल हासे, येन्स फ्राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या सुमारास 'फ्लॅश' ही रीत काढली. तीत अणुगर्भांना पूर्ण न कलवता थोडंच कलवायचं, म्हणजे पूर्वस्थितीची वाट पाहावी लागत नाही. श्वास रोखून पोटाची तपासणी करणं त्यामुळे शक्य झालं. फ्रायबुर्गच्या युर्गेन हेनिग यांनी एका उत्तेजनानंतर अनेक प्रतिध्वनी घेऊन प्रत्येकातून एकेक ओळ भरायची रीत दिली. यंत्र चालवणारे तिला 'टर्बो' म्हणतात. एका खेपेला सोळा ओळी घेतल्या, तर माझ्या हिशेबातले ६४० सेकंद ४० वर येतात. ही रीत आमच्या यंत्रावर आली ते दिवस माझ्या चांगले लक्षात आहेत. बाहेरच्या बाकावरची गर्दी तेव्हा पहिल्यांदा हलकी झाली.

टर्बोने एक नवीच कटकट आणली. त्या चित्रांत चरबी पाण्यासारखीच पांढरी दिसते, आणि मणक्यातली सूज चरबीत लपून जाते. म्हणून चरबीचा संदेश आधी दाबून टाकायचा. आमच्या भाषेत 'फॅट सॅट'. हे जमतं, कारण चरबीतला हायड्रोजन आणि पाण्यातला हायड्रोजन यांच्या वारंवारतेत अगदी बारीक फरक असतो, १.५ टेस्लाला सुमारे २२० हर्ट्झचा. हायड्रोजन कुठल्या रेणूत, कशाला जोडलेला आहे, यावरून त्याचा सूर बदलतो, ही गोष्ट १९५१ मध्ये स्टॅनफर्डला मद्यार्काच्या नमुन्यावर स्वच्छ दिसली. तीन शिखरं, तीन प्रकारचे हायड्रोजन. त्या लेखावर आर्नल्ड आणि पॅकार्ड यांच्यासोबत नाव आहे एस. एस. धर्मट्टी यांचं. पुढे ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी चुंबकीय अनुनादाच्या संशोधनाचा पाया घातला. त्याच १९५१ मध्ये बंगळुरूत जी. सूर्यन वाहत्या द्रवांमधला अनुनाद मोजत होते. औषध न टोचता मेंदूतल्या रक्तवाहिन्या दाखवणारी तपासणी ज्या तत्त्वावर चालते, त्याच्या पहिल्या कामांपैकी ते एक आहे. कुलाब्यापासून फार दूर नसलेल्या खोलीत बसून मी रोज फॅट सॅटचं बटण दाबत होते. धर्मट्टी हे नाव मला कळायला फार वर्षं गेली.

१९९० नंतर प्रश्न बदलला. ओळी भराभर घ्यायला एक मर्यादा आली. क्षेत्राची दिशा फार वेगाने उलटवली, तर रुग्णाच्या नसा उत्तेजित होतात, अंगाला झटके जाणवतात. मग ओळी कमीच घेतल्या तर? एक सोडून एक ओळ घेतली, तर चित्र अर्ध्यात दुमडतं. कपाळावर मान येते. पण तोवर डोक्याभोवती संदेश ऐकणाऱ्या एका कॉइलऐवजी अनेक लहान कॉइल बसवले जाऊ लागले होते, आणि प्रत्येक कॉइलला आपल्या जवळचा भाग मोठ्याने ऐकू येतो. कुठल्या कॉइलला काय किती ऐकू आलं यावरून दुमडलेलं चित्र उलगडता येतं. डॅनियल सोडिक्सन आणि वॉरन मॅनिंग यांनी १९९७ मध्ये, क्लाउस प्रुसमन आणि त्यांच्या झ्यूरिकमधल्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये, मार्क ग्रिसवॉल्ड आणि मंडळींनी २००२ मध्ये याच्या तीन वेगवेगळ्या रीती दिल्या. वेळ निम्मा झाला. किंमत मोजावी लागली ती दाणेदारपणाची, आणि तीही चित्राच्या मध्यावर जास्त, कारण तिथपासून सगळेच कॉइल लांब असतात.

यानंतरची पायरी मला या सगळ्या कथेतली सगळ्यात सुंदर वाटते. कॅलटेकमधले गणिती इमॅन्युएल कान्देस २००४ च्या सुमारास एका नमुना-चित्रावर काम करत होते. ५१२ गुणिले ५१२ बिंदूंच्या त्या चित्राच्या के-स्पेसमधल्या फक्त २२ रेषा दिल्या होत्या. अशा तुटपुंज्या माहितीतून निघालेलं चित्र रेघोट्यांनी भरलेलं असायला हवं. त्यांनी एक अट घातली, की उत्तर शक्य तितकं साधं असावं, उगाचच्या चढउतारांचं नसावं. चित्र जसंच्या तसं परत मिळालं. टेरेन्स ताओ आणि जस्टिन रॉम्बर्ग यांच्यासह त्यांनी, आणि स्वतंत्रपणे डेव्हिड डोनोहो यांनी, २००६ मध्ये याची सिद्धता छापली. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या मायकल लस्टिग यांनी ते एमआरआयला लावलं. यातली खुबी अशी: ओळी ठरावीक अंतराने गाळल्या तर चित्र दुमडतं, पण कुठलाही क्रम न ठेवता गाळल्या तर बिघाड सगळीकडे धुळीसारखा विखुरतो. शरीराचं चित्र मात्र विखुरलेलं नसतं. त्याचं सार थोड्या आकड्यांत सांगता येतं. त्यामुळे धूळ झटकता येते.

स्टॅनफर्डच्याच लहान मुलांच्या रुग्णालयात श्रेयस वासनवाला यांनी ही रीत पहिल्यांदा रोजच्या कामात आणली. ती तिथेच आधी यावी हे मला फार योग्य वाटतं. तीन वर्षांच्या मुलाला "हलू नकोस, श्वास रोख" कसं सांगणार? त्याला भूल द्यावी लागते, आणि पोटाची तपासणी असेल तर भूलतज्ज्ञाला त्याचा श्वास काही काळ थांबवावा लागतो. काचेपलीकडून ते सेकंद मोजण्याचं काम मी केलेलं आहे. तिथे वाचलेला प्रत्येक सेकंद त्या लेकराच्या श्वासाचा असतो. अमेरिकेत २०१७ मध्ये या रीतीला औषध प्रशासनाची परवानगी मिळाली, आणि काही वर्षांत ती आपल्याकडच्या नव्या यंत्रांवरही दिसू लागली.

मग आलं शिकणारं यंत्र. 'उत्तर साधं असावं' ही माणसाने घातलेली अट काढून टाकली, आणि हजारो पूर्ण तपासण्या दाखवून शरीराची चित्रं कशी असतात हे संगणकातल्या 'न्यूरल नेटवर्क' म्हणजे जाळ्यालाच शिकू दिलं. २०१८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाचं रुग्णालय आणि फेसबुक यांनी 'फास्टएमआरआय' हा प्रकल्प काढला आणि गुडघ्यांच्या दीड हजारांहून जास्त तपासण्यांचा कच्चा डेटा सर्वांना खुला केला. २०२० मध्ये त्यांनी दाखवलं, की एक-चतुर्थांश माहितीवरून उभं केलेलं गुडघ्याचं चित्र आणि नेहमीचं चित्र यांवरून डॉक्टरांनी केलेली निदानं एकमेकांच्या जागी चालतील अशीच होती. त्याच साली या क्षेत्रातल्या एका खुल्या स्पर्धेच्या अहवालात असंही नोंदलं गेलं, की काही रीतींनी मेंदूच्या चित्रांत नसलेल्या रचना घुसवल्या. वेगार्ड आंतुन आणि सहकाऱ्यांनीही दाखवून दिलं, की माहितीत किंचित ढवळाढवळ झाली तरी काही जाळी चुकीचं चित्र देतात, किंवा एखादा बारीक बदल गिळून टाकतात.

मी या नव्या रीतीच्या विरोधात नाही. पाऊण तास ज्यांना पडून राहवत नव्हतं, अशा पाठीच्या रुग्णांचे चेहरे मी पाहिले आहेत. पाच मिनिटांत चांगलं चित्र मिळत असेल तर ते मिळालंच पाहिजे. पण एक फरक ठळकपणे सांगायला हवा. माझ्या काळातल्या चित्रातला दोष रेघ, दुमड किंवा दाणे होऊन समोर यायचा. तो पाहून मी रुग्णाला सांगू शकत होते, "काका, पुन्हा एकदा घेऊया." शिकलेल्या जाळ्याची चूक स्वच्छ, सुबक आणि खरी वाटणारी असू शकते. ती कन्सोलवर बसलेल्या माणसाला दिसणार नाही.

तपासायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे कच्चा डेटा. आणि तोच आपण फेकून देतो. तपासणी झाली की चित्रं संग्रहात जातात, फिल्म छापली जाते. के-स्पेसचा मूळ तक्ता यंत्राच्या डिस्कवर थोडा काळ राहतो आणि पुढच्या रुग्णांच्या तक्त्यांखाली पुसला जातो. सगळीकडे बहुधा असंच चालतं. न्यूयॉर्कच्या लोकांनी तो जपून ठेवला, म्हणून त्यांचे गुडघे जगभरच्या जाळ्यांना शिकवायला वापरले गेले. आपल्याकडे मणक्याचा क्षय रोजच्या कामात भेटतो. मेंदूत शिरलेल्या पट्टकृमीच्या अळ्यांच्या गाठी, डोकेदुखी आणि झटक्यांची तक्रार घेऊन आलेल्या तरुण मुलांत दिसतात. न्यूयॉर्कच्या तपासण्यांत हे आजार किती आले असतील? मुंबई-पुण्याच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांनी रुग्णाची संमती घेऊन, नाव-गाव काढून, अशा तपासण्यांचे पूर्ण तक्ते साठवायला सुरुवात करावी. डिस्क आता महाग राहिलेल्या नाहीत. आणि जिथे चित्र शिकलेल्या जाळ्याने उभं केलं असेल, तिथे निदान उपचार संपेपर्यंत तरी त्या रुग्णाचा तक्ता पुसू नये. डॉक्टरला शंका आली, तर जुन्या रीतीने तेच चित्र पुन्हा काढून पाहता येईल, आणि त्यासाठी रुग्णाला परत टेबलावर झोपवावं लागणार नाही.